दुसऱ्या शाखेतून संगणकाकडे: एका वर्षाच्या पदवीचा हिशेब

जानेवारी उजाडला की आमच्याकडे येणाऱ्या दूरध्वनींचा विषय ठरलेला असतो. नांदेडहून, अकोल्याहून कोणीतरी विचारते, "भाचीचे बी.कॉम. झाले आहे, इंग्लंडमध्ये आयटीची मास्टर्स करता येईल का?" आणि त्याच सुमारास येथेच राहणारी एखादी भगिनी सभा संपल्यावर खुर्च्या आवरता आवरता हळूच म्हणते, "माझे एम.ए. मराठीत आहे. आता या वयात कॉम्प्युटर जमेल का हो?" पूर्वी आम्ही दोघींनाही एकच उत्तर देत असू: अवश्य करा. ते उत्तर अपुरे होते, हे आम्हांला मान्य केले पाहिजे.

येथील विद्यापीठे या पदवीला 'कन्व्हर्जन कोर्स' म्हणतात. (हा शब्द ऐकताच आपल्या माणसांना १४ ऑक्टोबर आठवतो; येथे मात्र केवळ शाखा बदलायची असते.) बर्मिंगहॅम, ब्रिस्टल, लंडनचे इंपिरियल कॉलेज अशा अनेक ठिकाणी ही एम.एस्सी. मिळते आणि ती अन्य विषयांच्या पदवीधरांसाठीच आखलेली असते. कल्पना जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठाने १९५३ साली सुरू केलेली संगणनाची पदविका हा या विषयाचा जगातील पहिला रीतसर अभ्यासक्रम मानला जातो. पदवीधरांसाठी असलेली ही पदविका २००८ पर्यंत चालली. ती सुरू होण्याच्या दोनच वर्षे आधी, चहा आणि केक विकणाऱ्या लायन्स कंपनीने कार्यालयीन कामासाठी 'लिओ' हा स्वतःचा संगणक चालू केला आणि प्रोग्रॅम लिहिण्यासाठी आपल्याच कचेरीतील माणसांना शिकवून तयार केले. या क्षेत्राची पहिली पिढी दुसऱ्या शाखांतूनच आली होती, हे मराठीतल्या एम.ए.ला आम्ही आवर्जून सांगतो.

मात्र तासांचा हिशेबही सांगावा लागतो. पदवी १८० क्रेडिटची असते आणि एका क्रेडिटमागे १० तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे एकूण १,८०० तास. वर्षभर पसरले तरी आठवड्याला सुमारे ३५. येथील तीन वर्षांची बी.एस्सी. ३६० क्रेडिटची असते, तिच्या निम्मा भार येथे एका वर्षात उचलायचा असतो. त्यांतले बहुधा ६० क्रेडिट उन्हाळ्यातील प्रकल्पाचे.

आमच्यापैकी तिघांनी हा मार्ग चालून पाहिला आहे. पहिले दहा आठवडे सर्वांत कठीण गेले, यावर तिघांचेही एकमत आहे. सप्टेंबरच्या अखेरीस 'व्हेरिएबल' म्हणजे काय यापासून प्रारंभ होतो आणि नोव्हेंबर सरण्यापूर्वी रिकर्शन येऊन ठेपते: स्वतःलाच हाक मारणारे फंक्शन. ते कळेपर्यंत झोप लागत नाही. जुनी विद्या मात्र वाया जात नाही. वाणिज्य शाखेच्या आमच्या सहकाऱ्याला डेटाबेसमधील 'ट्रँझॅक्शन' एका दिवसात उमगले. दोन्ही नोंदी व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये, हा नियम त्याने जमाखर्चाच्या वहीत वर्षानुवर्षे पाळला होता. शेजारचा भौतिकशास्त्राचा पदवीधर मात्र तिथेच अडखळला. साहित्याच्या विद्यार्थिनीला ओळ न् ओळ वाचण्याची सवय होती, म्हणून दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधील चूक तिला लवकर दिसे. गणिताची भीती मात्र तिला शेवटपर्यंत छळत राहिली.

आता पैशाकडे वळू, कारण येथेच दोन वाटा फुटतात.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्यांना मास्टर्ससाठी सरकारी कर्ज मिळते. ऑगस्ट २०२५ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी कमाल १२,८५८ पौंड. वार्षिक उत्पन्न २१,००० पौंडांच्या वर गेले की वरच्या रकमेच्या ६ टक्के दराने ते फेडायचे. पण भारतातले एम.ए. येथील मास्टर्सच्या तोडीचे ठरले, तर हे कर्ज मिळत नाही. अधिक शिकलेल्या भगिनीच येथे अडकतात, आणि हा नियम आम्हांला अन्यायाचा वाटतो. नोकरी आणि मुले सांभाळून शिकायचे असेल, तर बाथ व यॉर्क विद्यापीठांच्या ऑनलाइन, अर्धवेळ पदव्यांचा विचार करावा.

महाराष्ट्रातून येणाऱ्या भाचीचे गणित निराळे आहे. तिचे शुल्क बहुतेक ठिकाणी स्थायिकांपेक्षा बरेच जास्त असते. विद्यार्थी व्हिसावर सत्राच्या काळात आठवड्याला २० तासच काम करता येते, आणि एका वर्षाच्या मास्टर्ससाठी प्रकल्पाचा उन्हाळाही सामान्यतः सत्रातच मोजतात. अनेकांचा अंदाज येथे चुकतो. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना शिक्षणानंतर दोन वर्षांऐवजी १८ महिनेच राहता येईल. पुढच्या कुशल कामगार व्हिसासाठी सर्वसाधारण पगारमर्यादा ४१,७०० पौंड आहे. नवोदितांना ३३,४०० पर्यंत सवलत आहे, पण तीही मोजक्याच वर्षांपुरती. पदवी हाती पडताच नोकरी शोधायची, तीही अशा मालकाकडे की जो व्हिसा पुरस्कृत करील. म्हणून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळाली तर यावे. शेत गहाण ठेवून येऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एका मध्यस्थाने "एका वर्षात इंजिनिअर आणि लगेच नोकरी" असे सांगून पाठवलेला तरुण गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी जेवायला आला होता. त्याला पहिला प्रोग्रॅम येथे येऊनच लिहावा लागला. त्याच्या वडिलांनी कर्ज काढले होते.

त्या दिवसापासून आम्ही विचारणाऱ्या प्रत्येकाला आधी सहा आठवडे घरी बसून पायथन शिकायला सांगतो. त्याला पैसे पडत नाहीत. रोज तासभर बसायचे आणि लहानसा प्रोग्रॅम स्वतः लिहायचा: घरखर्चाचा, पाळ्यांच्या वेळापत्रकाचा, कशाचाही. खुर्च्या आवरणाऱ्या भगिनीने वृद्धसेवा केंद्रातील आपल्या पाळ्यांचा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून पगारपत्रकात चार तास कमी धरल्याचे निघाले. ते तिने मागून घेतले. कर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. तिने अर्धवेळ अभ्यासक्रमाचा अर्ज मात्र भरला आहे.