आयसी बदलली, आवाज बदलला?

नीरेकाठच्या निरवांगीत हरिनाम सप्ताह असो की लग्न, माइक आणि मिक्सर लागतोच. माइकचा क्षीण संदेश वाढवण्याचं काम मिक्सरमध्ये बहुधा ऑप-अँप नावाची आठ पायांची आयसी करते. ती काढून महागडी बसवली की आवाज ‘खुलतो’, असं हौशी मंडळी सांगतात. मोजमाप काय सांगतं?

१९६८ची ७४१ असेल तर फरक दिसतोच. तिचं आउटपुट मायक्रोसेकंदाला जेमतेम अर्धा व्होल्ट बदलतं. २० किलोहर्ट्झची १० व्होल्ट शिखराची लहर उमटायला सव्वा व्होल्टचा वेग हवा. तो नसल्यानं लहर त्रिकोणी होते. एनई५५३२चा वेग ९ व्होल्ट. त्याहून जास्त इथं वायाच.

खरखरीचं गणित वेगळं. दर वर्गमूळ हर्ट्झमागे ५५३२ची खरखर ५ नॅनोव्होल्ट, महागड्या एलएम४५६२ची २.७. २०० ओहमच्या माइकवर ४५६२ सरस ठरते. पण स्रोत १० किलोओहमचा असेल, तर त्या रोधाचीच उष्णताजन्य खरखर १३ भरते. शिवाय आयसीच्या प्रवाहातली खरखर रोधातून जाताना व्होल्टेज बनते, आणि ४५६२मध्ये ती दुपटीहून जास्त असते. सगळं मिळून ५५३२ सुमारे १५.६वर थांबते, ४५६२ जवळपास २१वर जाते. महाग तीच हरते!

वेगवान आयसीच्या सप्लाय पिनांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नसेल, तर ती स्वतःच दोलायमान होऊ शकते. म्हणून आयसी विकत घेण्याआधी सर्किट पाहावं.