बॅटरीतला घन इलेक्ट्रोलाइट: सुरक्षित आणि टिकाऊही?

लिथियम-आयन बॅटरीत दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये भरलेला द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, हा तिचा सर्वांत नाजूक दुवा. लिथियमचा क्षार विरघळवलेल्या या कार्बनी द्रावकातून आयन ये-जा करतात. पण आतल्या आत शॉर्टसर्किट झाले, की हाच द्रव तापतो, वायू सोडतो आणि पेट घेतो. १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली, तेव्हापासून हा धोका तिच्यासोबत आहे. द्रवाच्या जागी न पेटणारा, आयन वाहून नेणारा घन पदार्थ वापरावा, असा त्यावरचा विचार आहे.

आयन वाहून नेण्याच्या वेगाच्या बाबतीत गंधकयुक्त पदार्थ आघाडीवर आहेत. २०११ मध्ये जपानच्या र्‍योजी कान्नो यांच्या गटाने लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधक यांचे संयुग तयार केले. त्याची आयनवाहकता सेंटिमीटरला १२ मिलिसीमेन्स, म्हणजे थेट द्रवाच्या तोडीची निघाली. मात्र जर्मेनियम दुर्मीळ आणि महाग. ते वगळून केलेली संयुगे आज उपलब्ध आहेत. पण दमट हवा लागताच त्यांतूनही विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणून कारखान्यातली हवा सतत कोरडी ठेवावी लागते. पेटण्याचा धोका टळला, तरी विषारी वायूचा उरलाच.

ऑक्साइडांचा स्वभाव वेगळा. जर्मनीतील कील विद्यापीठात २००७ मध्ये लिथियम, लँथॅनम आणि झिर्कोनियमचे गार्नेट पुढे आले. ते पेटत नाही आणि लिथियम धातूशेजारीही बऱ्यापैकी टिकते. परंतु ते घट्ट भाजण्यासाठी सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापमान लागते. त्या उष्णतेत लिथियम उडून जाते आणि ऊर्जाही भरपूर खर्च होते. शिवाय सिरॅमिकमधल्या सूक्ष्म भेगांतून लिथियमचे काटेरी तंतू वाढतात आणि शॉर्टसर्किट होते. घन आहे म्हणजे सुरक्षित आहे, असे गृहीत धरणे म्हणूनच चुकीचे.

कच्च्या मालाच्या दृष्टीने सोडियम आश्वासक आहे, कारण ते मिठातूनही मिळते. गुडइनफ आणि हाँग या संशोधकांनी १९७६ मध्ये सोडियम, झिर्कोनियम, सिलिकॉन आणि फॉस्फरसचा असाच आयनवाहक मांडला होता. २०२१ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी तर लाकडातल्या सेल्युलोजच्या तंतूंत तांब्याचे आयन गुंफून लिथियमला वाट करून दिली. झाडापासून मिळणारा हा लवचीक पदार्थ इलेक्ट्रोडला नीट चिकटतो, हा त्याचा मोठा गुण.

वापर संपल्यावर काय, हा प्रश्न मात्र अजून मागे पडलेला आहे. घन इलेक्ट्रोलाइट पॉलिमरचा असेल, तर त्याचा थर योग्य द्रावकात विरघळवून वेगळा काढता येतो. इलेक्ट्रोडसोबत भाजून एकजीव झालेले सिरॅमिक दळून आम्लात विरघळवावे लागते आणि त्यातून लँथॅनम, लिथियम वेगळे करण्याचा खर्च वाढत जातो.