संगणकांतील डिस्क बदलतांना

चार-सहा वर्षें वापरलेला संगणक सुरू होण्यास दोन-दोन, तीन-तीन मिनिटें घेऊं लागला, म्हणजे तो म्हातारा झाला असा निकाल घरांतील मंडळी देऊन टाकतात. वस्तुतः पुष्कळ वेळां त्याचा मेंदू शाबूत असतो. मंद असतें तें त्याचें कोठार, म्हणजे हार्ड डिस्क. तीं जुनी डिस्क काढून तिच्या जागीं एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट डिस्क, बसविली तर तोच संगणक तरतरीत होतो. परंतु ही अदलाबदल कित्येकदां मध्येंच अडते, आणि त्या गोंधळांत घरची छायाचित्रें व महत्त्वाचे कागद कायमचे नाहींसे होण्याचा संभव असतो. म्हणून अडचण कोठें आहे हें क्रमानें शोधण्याची रीत माहीत असणें अगत्याचें आहे.

हार्ड डिस्कमध्यें चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या फिरत असतात व एका बारीक दांड्याच्या टोकाचें शीर्ष त्यांवरील मजकूर वाचीत असतें. आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं पुढें आणलेल्या अशा पहिल्या यंत्रांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व त्यांवर अवघीं ५० लाख अक्षरें मावत. पुढें आकार घटला, सांठवण अफाट वाढली. पण तबकडी फिरण्याची वाट पाहणें कांहीं चुकलें नाहीं. मिनिटास ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्याला सुमारें ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो मजकूर शीर्षाखालीं येईपर्यंत सरासरीनें त्याच्या निम्मा वेळ जातो, आणि शीर्ष सरकण्याचा वेळ निराळाच. एसएसडींत फिरणारें कांहींच नाहीं. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं १९८० नंतरच्या दशकांत शोधून काढलेल्या फ्लॅश स्मृतीच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्‌भार कोंडून ती मजकूर जपते. तेथून मजकूर उचलण्यास मिलिसेकंदाचा एक दशांश किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो.

आतां अडचणींकडे वळावें. नवी डिस्क बसवून कळ दाबली आणि पडदा काळाच राहिला, तर ती डिस्कच सदोष आहे असें मानण्याची घाई करूं नये. पहिला प्रश्न असा, कीं यंत्रास ती दिसते काय? संगणक सुरू होतांच बायोस किंवा यूईएफआय या नांवाच्या मूळ व्यवस्थेंत शिरून डिस्कचें नांव पाहावें. तें नसल्यास दोष जोडणीचा समजावा. टेबलावरील संगणकांत अडीच इंची एसएसडीस दोन तारा लागतात, एक विजेची व एक मजकुराची. त्यांतील एखादी सैल राहते. एम-डॉट-टू जातीच्या चपट्या डिस्कचा घोटाळा अधिक फसवा आहे. त्यांचा आकार जवळजवळ सारखाच. पण कांहींची भाषा साटा, तर कांहींची एनव्हीएमई. एकच भाषा जाणणाऱ्या खांचेंत दुसरी डिस्क बसली तरी ओळखली जात नाहीं. म्हणून खरेदीपूर्वींच यंत्राची माहितीपुस्तिका पाहावी.

डिस्क दिसते, पण विंडोज सुरू होत नाहीं, तर दुसरा प्रश्न विचारावा: सुरुवातीच्या सूचना जुळतात काय? कोणत्या डिस्कवरून आरंभ करावयाचा याचा क्रम बायोसमध्यें प्रथम तपासावा. नक्कल करतांना केवळ मोठा विभाग उतरविला व आरंभाच्या सूचना असलेला छोटा विभाग मागें राहिला, तरीही यंत्र अडतें. विंडोजच्या बाबतींत बायोसची जुनी रीत एमबीआर विभागणी मागते, तर यूईएफआयची रीत जीपीटी विभागणी मागते; जोडी चुकली कीं आरंभच होत नाहीं. डिस्क-जोडणीची पद्धति आयडीईवरून एएचसीआयवर बदलली गेल्यास निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हे शब्द उमटूं शकतात; ती पूर्ववत्‌ करून पाहावी. शिवाय मूळ डिस्क व तिची नक्कल या दोहोंची ओळखखूण एकच असते. दोन्ही जोडलेल्या राहिल्यास विंडोज गोंधळतें. म्हणून पहिल्या वेळीं एकटी नवी डिस्कच जोडून यंत्र सुरू करावें.

तिसरा प्रश्न, यंत्र चालतें, पण अपेक्षेप्रमाणें चालतें काय? ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्यें ४६५ जीबी दिसते, यांत फसवणूक नाहीं; कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतात व विंडोज १,०२४ च्या पटीनें, एवढाच भेद आहे. मात्र विंडोज एक्सपीच्या काळांतील विभागणी जशीच्या तशी उतरविली असेल, तर तिचा आरंभ ६३ व्या खंडापासून होतो. तो फ्लॅशच्या कप्प्यांशीं जुळत नाहीं व लिहिण्याचें काम वाढतें. अशा वेळीं विभागणी नव्यानें करणें श्रेयस्कर.

या सर्व तपासणींत एक नियम मोडतां कामा नये: नवी डिस्क निर्धास्तपणें चालूं लागेपर्यंत जुनीवरील एक अक्षरही पुसूं नये. जुनी सुरक्षित असेल तर नक्कल दहा वेळां फसली तरी अकराव्यांदा करतां येते. नक्कल करणाऱ्या साधनांत ‘कोठून’ व ‘कोठें’ यांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. म्हणून डिस्कचें नांव व आकार दोनदां वाचूनच संमति द्यावी. बिटलॉकरचें कुलूप असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली आधींच कागदावर लिहून ठेवावी. एसएसडीचा एक स्वभावही लक्षांत असावा: पुसलेल्या मजकुराच्या जागा संगणक तिला कळवितो व ती त्या सवडीनें रिकाम्या करते, त्यामुळें चुकून पुसलेलें परत मिळविणें जुन्या डिस्कपेक्षां फार कठीण होतें.

महिनाभर कामकाज सुरळीत चाललें, छायाचित्रें उघडून पाहिलीं, कागद वाचून झाले, आणि त्यांची आणखी एक प्रत निराळ्या ठिकाणीं ठेवली, म्हणजे मगच जुन्या डिस्कला निरोप द्यावा.