विश्लेषण : सेंट पॅट्रिक्स डेची मेजवानी स्तनदा मातांना चालते का?

आयर्लंडमध्ये १७ मार्चला सेंट पॅट्रिक्स डे साजरा होतो. मटणाचा आयरिश स्ट्यू, सोडा ब्रेड, कोलकॅनन आणि काळी स्टाऊट बिअर हा सणाचा ठरलेला बेत. अंगावर पाजणाऱ्या आईने यातले काय घ्यावे आणि काय टाळावे?

ताटात काय आहे?

स्ट्यूमध्ये मटण, बटाटा, कांदा आणि गाजर असते. मटणातून प्रथिने आणि लोह मिळते. सोडा ब्रेडमध्ये यीस्ट नसते. पीठ, मीठ, खाण्याचा सोडा आणि ताक एवढ्यावर तो फुगतो. कोलकॅनन म्हणजे कुस्करलेला बटाटा, कोबी, दूध आणि लोणी. पहिल्या सहा महिन्यांत स्तनदा मातेला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असे आयसीएमआरचे प्रमाण सांगते. त्यामुळे असे पोटभरीचे जेवण तिच्या गरजेचेच आहे.

कोबीने बाळाला वायू होतो का?

ही समजूत महाराष्ट्रातही घट्ट आहे. मात्र वायू आईच्या आतड्यात तयार होतो, तो दुधात उतरत नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर बाळ दर वेळी कुरकुरत असेल, तरच तो थांबवून पाहावा.

स्टाऊटने दूध वाढते?

बार्लीतील एका घटकामुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढू शकते. पण अल्कोहोल ऑक्सिटोसिनला अडथळा आणते, त्यामुळे पान्हा नीट फुटत नाही. आईने मद्य घेतल्यानंतरच्या काही तासांत बाळाच्या पोटात कमी दूध जाते, असे अभ्यासांत आढळले आहे.

घेतलीच तर?

न घेणे सर्वांत सुरक्षित. एका प्रमाणित मापानंतर, म्हणजे ५ टक्के अल्कोहोलच्या सुमारे ३५५ मिली बिअरनंतर, किमान दोन तास पाजू नये. आयर्लंडमधला पाइंट ५६८ मिलीचा असतो. त्याला दोन तास पुरत नाहीत. दूध पिळून टाकल्याने अल्कोहोल लवकर उतरत नाही, कारण रक्तात आहे तोवर ते दुधातही राहते.

स्टाऊट घातलेल्या रश्शाचे काय?

शिजवल्याने सगळे अल्कोहोल उडून जात नाही. अर्ध्या तासाने सुमारे ३५ टक्के, तर अडीच तास मंद आचेवर शिजल्यावर सुमारे ५ टक्के उरते. म्हणून रस्सा सावकाश शिजवावा किंवा स्टाऊटऐवजी मटणाचे सूप घालावे. चवीत थोडा फरक पडेल, पण आईला घड्याळ न पाहता बाळाला जवळ घेता येईल.