चेन्नईतल्या गाडीलाही थर्मोस्टॅट लागतोच

गाडी अर्धा तास चालवून झालेली, आता न्यूट्रलमध्ये उभी, पाय ॲक्सिलरेटरवर नाही. तरी आरपीएमचा काटा हजाराच्या खाली यायला तयार नाही. चेन्नईत कुणी अशी तक्रार सांगितली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: थर्मोस्टॅट जागेवर आहे ना? बरेचदा उत्तर येतं, ‘तो मागच्या उन्हाळ्यातच काढला. मेकॅनिक म्हणाला, इथे थंडी कुठे असते? थर्मोस्टॅट वेंडाम (नको), सार!’ नागपूर-चंद्रपूरच्या गॅरेजांतही हाच सल्ला मिळतो. तो इतक्या ठामपणे दिला जातो की सुशिक्षित माणसंही मान डोलावून गाडीचा एक चांगला भाग काढून देतात. याचा मला खरोखर राग येतो.

थर्मोस्टॅट ही मेणाच्या कुपीवर चालणारी झडप आहे. कूलंट साधारण ८२ ते ८८ अंशांवर पोचलं की मेण फुगतं, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. तोवर ते इंजिनातच फिरत राहतं, म्हणजे इंजिन लवकर तापतं. याचा बाहेरच्या हवेशी संबंध किती? ३१ मे २००३ रोजी चेन्नईच्या नुंगमबक्कमला ४५ अंश तापमान नोंदलं गेलं. इंजिनाला कामासाठी लागतात ९० च्या आसपास. म्हणजे त्या भाजून काढणाऱ्या दुपारीसुद्धा बंद गाडीचं इंजिन हवं त्यापेक्षा ४५ अंशांनी थंडच होतं. चेन्नईला थंडी नसेल, इंजिनाला असते.

आता रेस, म्हणजे उभ्या गाडीचा आरपीएम, का वाढते ते पाहा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) कूलंटच्या सेन्सरवरून तापमान ओळखतो. इंजिन थंड दिसलं की तो पेट्रोल जास्त सोडतो आणि आयडलिंग चढं ठेवतो. थर्मोस्टॅट काढला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन तापायला फार वेळ लागतो. शहराच्या गर्दीत ते उशिरा का होईना तापतं, म्हणून गॅरेजमध्ये गाडी ठीक वाटते. तीच गाडी पहाटे ईस्ट कोस्ट रोडवरून (ईसीआर) महाबलीपुरमकडे काढा. समोरचा वारा रेडिएटरला गार करत राहतो, तापमानाचा काटा खाली सरकतो आणि उथंडीच्या टोलनाक्यावर थांबलात की रेस चढलेली. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवरचा थंड इंजिनाचा निळा दिवा चालत्या गाडीत पुन्हा लागतो, तोही याचाच पुरावा. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, ऑइल पातळ होतं, मायलेज पडतं.

हे कुणाला माझं मत वाटत असेल तर स्कॅनर लावून बघा. कूलंट थर्मोस्टॅटच्या नियंत्रण-तापमानापर्यंत पोचत नाही, या दोषासाठी गाडीच्या दोष-निदानाच्या प्रमाणित (ओबीडी) यादीत स्वतंत्र कोड आहे: पी०१२८. अनावश्यक भागासाठी कुणी असा कोड राखून ठेवत नाही.

‘पण काढल्यावर गाडी गरम व्हायची थांबली!’ हा पुढचा युक्तिवाद. झडप बंद अवस्थेत अडकली असेल तर गाडी तापतेच, पण मग थर्मोस्टॅट नवा घालायचा. इतर वेळी खरा दोष दुसरीकडे असतो आणि चेन्नईत तो बहुधा पाण्यात असतो. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरवेलचं क्षारयुक्त पाणी ओतलं की रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो. सिग्नलला उभी असताना तापते आणि चालू लागली की निवते, तर पंखा तपासा. वेगात तापते, तर रेडिएटर तुंबलेला असण्याची शक्यता जास्त. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर बायपासची वाट कायमची उघडी राहते, थोडं गरम कूलंट रेडिएटर टाळून परत जातं आणि गाडी उलट जास्त तापू शकते.

थर्मोस्टॅट आहे की नाही, हे तुम्ही स्वतः तपासू शकता. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करा, बॉनेट उघडा आणि पंख्यापासून हात दूर ठेवून रेडिएटरच्या वरच्या होजला अधूनमधून स्पर्श करा. होज काही मिनिटं गारच राहून मग एकदम तापला, तर झडप ठीक. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी अडकली आहे किंवा मुळात नाहीच. इंजिन गरम असताना रेडिएटरची कॅप मात्र कधीही उघडू नका.

थर्मोस्टॅट शाबूत असूनही रेस चढलेली असेल तर बाहेरची हवा कुठून आत शिरते ते शोधा. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, पीसीव्हीचा (क्रँककेस व्हेंटिलेशनचा) होज, ब्रेक बूस्टरचा होज. उंदीर हे होज कुरतडतात. इंजिन चालू असताना एकेक होज पकडीने हलकेच दाबा. जो दाबल्यावर रेस उतरते, गळती बहुधा त्याच वाटेवर आहे. डिसेंबर २०२३ च्या मिचाँग चक्रीवादळात बुडालेली गाडी असेल तर सेन्सरचे कनेक्टरही उघडून पिनांवर हिरवट थर आहे का ते पाहा.

रेसबद्दल नेहमी ऐकू येणारी आणखी काही वाक्यं. ‘स्क्रू फिरवून रेस कमी करता येते.’ कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये येत होती. इंजेक्शनच्या थ्रॉटल बॉडीवरचा स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो, त्याला हात लावू देऊ नका.

‘एसी लावल्यावर रेस वाढली, म्हणजे बिघाड.’ नाही, कॉम्प्रेसरचा भार पेलायला ईसीयू ती मुद्दाम थोडी वाढवतो.

‘सकाळी बाराशे-पंधराशे आरपीएम दिसतो.’ दिसायलाच हवा; एक-दोन मिनिटांत उतरू लागला की झालं.

‘थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर रेस चढली, म्हणजे साफसफाईच वाईट.’ इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलला साफसफाईनंतर स्कॅनरने किंवा मॅन्युअलमधल्या पद्धतीने आयडल पुन्हा शिकवावं लागतं, ते राहिलेलं असतं.

तुमच्या गाडीचा थर्मोस्टॅट काढलेला असेल तर रेडिएटर साफ करून घ्या, तुमच्याच मॉडेलच्या तापमानाचा नवा थर्मोस्टॅट नव्या गॅस्केटसह बसवा आणि बोअरच्या पाण्याऐवजी कंपनीने सांगितलेलं कूलंट भरा. पुढच्या वेळी कुणी ‘वेंडाम’ म्हणालं, तर ठामपणे ‘वेणुम’ (हवा) म्हणा.