जेवणालाही वाफसा हवा



उसाला पाणी कधी द्यायचे हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. वाफसा नसताना पाळी दिली तर मुळ्यांना हवा मिळत नाही, पीक पिवळे पडते, आणि वर्षानुवर्षे तेच केले तर रान क्षारपड होते. तोडणीआधी काही दिवस तर आपण पाणी मुद्दाम तोडतो, कारण त्याशिवाय उतारा चांगला पडत नाही. रानाच्या बाबतीत इतके काटेकोर असणारे आपण पोटाच्या बाबतीत मात्र पहाटेपासून पाट सोडूनच ठेवतो.

आपल्या खानापूर तालुक्यातल्या कोणाही बागायतदाराचा दिवस बघा. उठल्या उठल्या चहा, डेअरीत दूध घालून आल्यावर दुसरा चहा, मग न्याहारी, विट्याला कामाला गेले की चहा-भजी, दुपारची भाकरी, पाहुणा आला की पुन्हा चहा, आणि रात्री नऊ-दहाला भरपेट जेवून लगेच आडवे. रात्रपाळीची वीज असली तर मोटर चालू करायला जाताना आणखी काही तोंडात टाकायचे. टेंभूचे पाणी येण्याआधीच्या दुष्काळी दिवसांत असे खायला होते कुठे? आता ट्रॅक्टर आला, दारात मोटारसायकल आली, चालणे संपले. खाणे मात्र बैलामागे दिवसभर नांगर धरणाऱ्याचेच राहिले. गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेली आपली पोरे तर सगळा दिवस बसून काढतात.

या विषयावर महाराष्ट्रात मोठी चर्चा घडली ती दोन डॉक्टरांमुळे. मूळ मांडणी डॉ. श्रीकांत जिचकार यांची. वैद्यकीय पदवीधर, अनेक पदव्या मिळवलेले, राज्यात मंत्री राहिलेले हे नागपूरकडचे गृहस्थ २००४ साली अपघातात गेले. त्यांचे म्हणणे असे, की आपण काहीही खाल्ले की शरीरात इन्सुलिन सुटते आणि ते जास्त असेपर्यंत साठलेली चरबी वापरली जात नाही. सबब वारंवार खाणे थांबवा. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी हाच विचार पुढे गावोगाव पोहोचवला. खरी कडकडून भूक लागते अशा दिवसातल्या दोन वेळा ओळखायच्या, त्याच वेळी जेवायचे, जेवण ५५ मिनिटांत संपवायचे, आणि मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा एवढेच. जोडीला रोज ४५ मिनिटे चालणे. पैसा लागत नाही, म्हणूनच ते खेड्यापर्यंत आले.

सगळ्या तज्ज्ञांना हे पटलेले नाही, आणि काही आहारतज्ज्ञ थोडे थोडे, वेळेवर खा असेच सांगतात. परंतु एक परदेशी प्रयोग ध्यानात घेण्यासारखा आहे. प्राग शहरात मधुमेहाच्या ५४ रुग्णांना १२ आठवडे दिवसातून सहा वेळा आणि १२ आठवडे दोनच वेळा, तेवढ्याच उष्मांकांचे जेवण दिले. २०१४ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन वेळा जेवताना वजन अधिक उतरले. आता त्यातली मेख बघा : त्या दोन वेळा सकाळच्या आणि दुपारच्या होत्या, रात्रीचे जेवण नव्हतेच. आपल्या जिल्ह्यातले जैन शेतकरी चौविहार पाळून सूर्यास्तानंतर खात नाहीत, त्याची इथे आठवण होते. आपण बाकीचे नेमके रात्रीच ताट भरून घेतो.

२०१६ साली जपानच्या योशिनोरी ओसुमींना उपवासासाठी नोबेल मिळाले, असेही मोबाईलवर फिरते. ते तसे नाही. पेशी स्वतःचाच टाकाऊ भाग मोडून पुन्हा कशी वापरते, यावर त्यांचे काम होते, आणि तेही यीस्टवर. म्हणजे आसवनीत मळी आंबवते त्या यीस्टवर. माणसाने किती उपास धरावेत हे त्यातून निघत नाही.

उपासाचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलावे. वर्षात एकादश्याच २४, अधिक मासात २६. त्याखेरीज संकष्टी, श्रावण सोमवार, नवरात्र. आतड्याला विसावा मिळावा असे हे दिवस, आणि आपण ते ‘एकादशी दुप्पट खाशी’ करून टाकले. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ, १०० ग्रॅममध्ये प्रथिने एक ग्रॅमसुद्धा नाहीत. त्यावर बटाटा, तूप, केळी, आणि वर गोड चहा! त्यापेक्षा मूठभर शेंगदाणे, राजगिरा, वरीची भगर, ताक बरे.

माय-भगिनींची गोष्ट मात्र निराळी. त्या उपास जास्त धरतात, सगळ्यांच्या मागून उरलेले जेवतात आणि भांगलणीला पुरुषाबरोबर राबतात. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे, असे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसले. त्यांना आधी वेळेवर आणि पुरते जेवण हवे. घरच्या कर्त्यांनी याची शिस्त लावावी.

गरोदर बाई, पोरेसोरे, आणि ज्यांना लहानपणापासून इन्सुलिन घ्यावे लागते त्यांनी दोन जेवणांच्या वाटेला जाऊच नये. फडात पहाटेपासून कोयता चालवणाऱ्या तोडणी मजुरालाही हे सांगायला जाऊ नका. मधुमेहाची गोळी चालू असताना कोणाला न विचारता जेवण तोडले, तर रक्तातली साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, भोवळ येते. विहिरीच्या काठावर एकटा असलेल्या माणसाला ते जिवावर बेतू शकते. अशा वेळी तोंडात चमचाभर साखर किंवा गुळाचा खडा टाकावा. रात्री पाण्याला जाताना खिशात असू द्यावा.

एरवीच्या साखरेबद्दल कारखान्याच्याच अंकात लिहिणे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम. दिवसाला सहा कप चहा घेणाऱ्याच्या पोटात ६० ग्रॅम जाते, वर्षाला जवळजवळ २२ किलो, आणि हा एकट्याचा नुसता चहा. जागतिक आरोग्य संघटना एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे ५० ग्रॅमच्या आत राहा म्हणते. तुमच्या-माझ्या दोन कपांनी उसाचा दर पडणार नाही, कारण देशातली पुष्कळ साखर मिठाई, बिस्किटे आणि शीतपेयांत खपते. सवलतीची साखर दिवाळीला जरूर घ्या, पण ती वर्षभर पुरवा.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी तपासून घ्यावी, गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. एचबीए१सी मागच्या तीन महिन्यांचा हिशोब दाखवते, म्हणून दुसरी तपासणी तीन महिन्यांनी करावी.