गतिरोधकानंतर डोलणारी बाहुली

तंजावूरहून कुंभकोणमला निघालो, तेव्हा टॅक्सीच्या डॅशबोर्डवर तंजावूरची प्रसिद्ध मान डोलावणारी बाहुली होती. वाटेत गतिरोधक आला. गाडी एकदा उचलली, खाली बसली आणि शांत झाली. बाहुली मात्र नंतर कितीतरी वेळ मान हलवत होती. धक्का दोघींना एकच बसला होता. फरक होता चाकाजवळच्या हातभर नळकांड्यातल्या तेलाचा.

हाच शॉक अ‍ॅब्झॉर्बर, गॅरेजच्या भाषेत ‘शॉकअप’. नाव तसं फसवं आहे, कारण धक्का झेलते ती स्प्रिंग. ती दबते आणि साठवलेली ऊर्जा लगेच परत करते. ती एकटीच असती तर गाडीही बाहुलीसारखी डोलत राहिली असती. चाक रस्त्यावर नीट टेकलं नसतं, आणि न टेकलेल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? हे डोलणं मारायचं काम शॉकअपचं.

नळकांड्यात तेल असतं आणि तेलात दट्ट्या. दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. तेलाला पलीकडे जायला तेवढीच वाट. दट्ट्या सावकाश सरकवा, तेल मुकाट्यानं वाट देतं. जोरात रेटा, ते अडून बसतं. वेग वाढला की विरोध वाढतो, सगळी करामत एवढ्यातच आहे. त्यातही झडपा अशा बसवतात की दबताना विरोध कमी आणि पसरताना जास्त व्हावा, म्हणजे दणका अंगावर येत नाही, पण स्प्रिंगची उसळी आवरली जाते. ऊर्जा तेलात उष्णता होऊन जिरते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप हाताला गरम लागतो, तो यामुळेच. तैवानमधल्या तैपेई १०१ या इमारतीत वरच्या मजल्यांवर टांगलेल्या ६६० टनांच्या गोळ्यालाही असेच तेलाचे दट्टे जोडले आहेत. वाऱ्यानं इमारतीला बसणारे हेलकावे ते जिरवतात.

कुंभकोणमला उतरून डिग्री कॉफी घेतली. हात उंच करून टंबलरमधून दवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ओतलेली धार हवा घेऊन येते, म्हणून तो सुंदर फेस. शॉकअपच्या तेलाला मात्र हाच फेस घातक. घुसळून तेलात हवा मिसळली की दट्ट्यासमोर दबणारे बुडबुडे येतात आणि पकड सुटते. म्हणून बऱ्याच शॉकअपमध्ये नायट्रोजन दाबानं भरलेला असतो; त्या दाबाखाली तेल सहजी फेसाळत नाही.

निघण्याआधी ड्रायव्हरनं गाडीचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. एकदा वर येऊन ती थांबली. दोन-तीनदा हलली असती, किंवा नळकांड्यावर तेलाचा ओघळ दिसला असता, तर डावा-उजवा जोडीनं बदलायची वेळ आली असती.